भिंत भिंत म्हणूनच पोचली

प्रिय फूटपट्टी,

घर पोचलं गं! अख्खंच्या अख्खं पोचलं. दारं दारांच्या जागी, खिडक्या खिडक्यांच्या जागी, जिना जिथल्या तिथे. ग्रंथालयाच्या संगणकावर मी आपल्या घराचा वरचा मजला माझ्या घर सजवायच्या प्रोग्राममधून बाहेर काढला, तू टाकून घ्यायला लावलेल्या त्या नकाशांच्या कॅडमध्ये उघडला, भीतभीत एका भिंतीवर टिचकी मारली, तर बाजूला लिहून आलं, भिंत, जाडी नऊ इंच. म्हणजे भिंत भिंत म्हणूनच पोचली! मी खुर्चीतून उठलेच. वर्ग घेणाऱ्या बाईंनी तोंडावर बोट ठेवलं, कारण ग्रंथालयात टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. शेजारच्या खुर्चीवरचे दातांचे डॉक्टर मात्र माझ्याबरोबर उठून उभे राहिले. त्यांना काय झालंय ते काही कळलं नव्हतं, पण बाई माणूस उठलं म्हणून तेही उठले.

हे फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. आपण बोलतो तेव्हा तू ऑफिसातून घरी जात असतेस, मागे रस्त्याचा आवाज असतो आणि मी मुद्द्यावर आले की तुझी बस येते. पत्राला बस लागत नाही. शिवाय मला सगळं पहिल्यापासून सांगायचंय, कारण सोमवारी कंत्राटदार येणार आणि त्याच्या हातात वरच्या मजल्याचा शेवटचा नकाशा द्यायचाय. मजला चढणार हे तर ठरलंच आहे. तो कोणासाठी चढवायचा, एवढंच राहिलंय. तुझं एकच पालुपद, की आई, भाडेकरू ठेवा, तुम्हाला सोबत होईल, मी काही आता तिकडे परत यायची नाही. मी दर वेळी बरं म्हणते. पण डोक्यावर अनोळखी माणसांची पावलं वाजत राहणार आणि तू पाहुण्यासारखी बॅग घेऊन येणार, हे मनाला पटत नाही ते नाहीच.

पत्राला नमनालाच घडाभर तेल झालं, तर आणखी थोडं होऊ दे. तुला फूटपट्टी हे नाव का पडलं ते आठवतं ना? लग्न ठरायच्या आधी आमचा मुलगा तुला पहिल्यांदा घरी घेऊन आला. तू चप्पल काढलीस, दाराच्या चौकटीकडे बघितलंस आणि नमस्कार करायच्या आधी म्हणालीस, ही चौकट डावीकडे झुकली आहे. त्याने कपाळावर हात मारला. मी आत जाऊन टेप आणला. अर्धा इंच झुकलेली निघाली. त्याच घटकेला मी ठरवून टाकलं की ही मुलगी घरात आली पाहिजे. जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतून कापणाऱ्या बाईला याहून चांगली सून कुठे मिळणार होती? आपल्या दोघींमध्ये तो बिचारा वैतागून जायचा. पडदा किती खाली यायला हवा यावर आपण दोघी जेवण गार करायचो आणि तो म्हणायचा, की या घरात मी एकटाच डोळ्यांनी बघतो, बाकीच्या दोघी टेपने बघतात.

तो गेला तेव्हा तू वर्षभर माझ्याजवळ राहिलीस. दोघी एकमेकींना जेवायला लावायचो आणि दोघी अर्धपोटी उठायचो. शहरातल्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तू जायला तयार नव्हतीस. मीच तुला घरातून हुसकलं, बॅग भरली आणि बसमध्ये बसवून आले. ते केलं म्हणून मला आजही बरं वाटतं. तू नकाशे काढायला लागलीस तसा फोनवरचा तुझा आवाज पूर्वीसारखा ताठ झाला. इकडे मला मात्र घर खायला उठायचं. म्हणून तर मी त्या संगणकाच्या वर्गाला नाव घातलं, आणि वर्गात घर सजवायचा प्रोग्राम हाती आला.

काय सांगू तुला, कापड बेततानाही मला इतकं सुख झालं नव्हतं. माऊस ओढला की भिंत. सोडला की कोपरा. सोफा उचलून ठेवला की बसला, नाही आवडला की उडाला, हमालाला हाक नको की शेजाऱ्याचा हात नको. वर सूर्य फिरवायची सोय. सकाळचं ऊन कुठवर येतं ते बघायचं, की मग दुपार करून टाकायची. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सात खोल्यांचा महाल उठवला, गच्चीवर पोहण्याचा तलाव घातला आणि तलावाला जिना द्यायचाच विसरले. आता तिकडे कोणी पोहायला कसं जाणार, हे विचारलं तर म्हणाले, कल्पना करून. मी आपली अंथरूण पाहून पाय पसरणारी. माझा वरचा मजला मी साधा ठेवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेरून जिना, खिडकीत कुंड्या. कुंड्या जरा जास्त झाल्या होत्या हे कबूल.

मग तू म्हणालीस की चित्र छान आहे, पण कंत्राटदाराला चित्र पुरत नाही, त्याला मापांचा नकाशा लागतो, फाईल पाठवा, मी कॅडमध्ये घेते. इथून आपले नाकी नऊ यायला सुरुवात झाली. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा तुझ्या पडद्यावर काहीच दिसेना. तू शोधशोध शोधलंस आणि शेवटी कोपऱ्यात माशीने घाण केल्यासारखा एक ठिपका दिसला, तोच आपला वरचा मजला. माझा प्रोग्राम सेंटिमीटरमध्ये बोलत होता आणि तुझा मिलिमीटरमध्ये ऐकत होता. घर दहा पटींनी आकसलं! आमच्या कारखान्यातही एकदा असंच झालं होतं, मोठ्यांच्या सदऱ्याच्या मापाचे कागद लहान करून आले आणि बाहुल्यांना होतील असे सदरे शिवून झाले. त्यामुळे मी काही घाबरले नाही. दुसऱ्यांदा पाठवलं तर माप बरोबर, पण घर आतून पोकळ. भिंत म्हणून काही नव्हतंच, नुसते त्रिकोण एकमेकांना चिकटवलेले. माझ्या एका सोफ्याचे इतके त्रिकोण झाले होते की तुझा संगणक तिथेच धापा टाकत बसला. तू किती हळू आवाजात म्हणालीस, आई, सोफा काढा. कुंड्यांचं तर तू बोललीच नाहीस.

आणि मग ती चूक. अगं, ती आठवली की अजून हसू येतं. तू म्हणालीस की वरचा मजला खालच्या घराबाहेर चांगला वीतभर लोंबतोय. मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः टेपने मोजलंय, माझं माप चुकत नाही. माप बरोबरच होतं गं. पण कापड बेतताना आपण शिवणीसाठी चारी बाजूंनी थोडं जास्तीचं कापड सोडतो ना, ती माया, ती मी प्रत्येक खोलीला सोडली होती. मुद्दाम नाही. हाताला वळणच तसं. मोजायचं, वर इंच धरायचा, मग लिहायचं. माझा प्रोग्राम भिंतींना भिंती आपोआप चिकटवून घेतो, त्यामुळे तिथे काही कळलं नाही. तुझ्या कॅडने मात्र सगळे इंच प्रामाणिकपणे एकापुढे एक ठेवले आणि घर शेजारच्यांच्या हद्दीत डोकावायला लागलं. मी हे फोनवर सांगितलं. मग तू हसायला लागलीस. हसतहसत तू विचारलंस, आई, भिंती कुठे शिवायच्या होत्या? तो गेल्यापासून तुझं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. तुझी बस येऊन गेली तरी तू हसत होतीस. त्या दिवशी मी कुंड्या काढून टाकल्या, एवढी खूश होते.

तुला तर माझी खोड माहीत आहे. तू सगळं नीट मापात बसवून फाईल परत पाठवलीस आणि बजावलंस की ही तीन अक्षरी नावाची फाईल वेगळ्या प्रकारची आहे, हिच्यात भिंत ही भिंत म्हणून जाते, दार दार म्हणून जातं, तुमच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि फक्त बघा, हात लावू नका. मी हात लावला नाही. नुसती उघडली. तुमच्या कॅडमध्ये नकाशाचे लेयर असतात, भिंतींचा एक, पाण्याच्या नळांचा एक, विजेचा एक, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे, आणि नको तो बंद करून ठेवता येतो, हे तूच मला शिकवलंस. पण माझ्या या साध्याभोळ्या प्रोग्रामला बंद ठेवलेलं काही कळत नाही. पाहुणा आला की मुलं जसं घरातलं सगळं सांगून टाकतात, तसं त्याने दाखवून टाकलं. भिंती आल्या, नळ आले, दिवे आले, आणि त्यांच्यामागून आणखी एक लेयर आला. त्याचं नाव होतं, नको.

मला वाटलं, चुकलेल्या रेघा असतील. कापताना उरलेले तुकडे आम्हीही वेगळे टाकतो. पण तुकडे फेकायच्या आधी एकदा उलगडून बघायचे असतात, कारण कधी त्यात बाहीच निघते. मी आपला तो छोटा माणूस घेतला, घरात फिरायला देतात ना पडद्यावर, त्याला जिन्याने वर नेलं. पूर्वेच्या खिडकीत तुझं नकाशाचं टेबल होतं. ते तुझंच, उंची बघूनच ओळखलं. तुझं एकूण एक माप मला पाठ आहे, तुझे कपडे मीच बेतले आहेत. पुढे स्वयंपाकघर. ओटा मात्र अडतीस इंच! तुला तेहतीसचा लागतो. अडतीसच्या ओट्याला तुझे खांदे कानाला लागतील. म्हणजे तिथे उभं राहणारं माणूस उंच आहे, आणि भाजी चिरायला रोज उभं राहणारं आहे, नाहीतर त्याच्या मापाचा ओटा कोणी काढलाच नसता. दुसऱ्या खोलीत एक कामाचं टेबल. छातीपर्यंत उंच, कडेने बोटभर वर आलेली पट्टी, बारीक वस्तू गडगडून पडू नये म्हणून. खिडकी त्याच्या उजव्या हाताला. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. म्हणजे हा डावखुरा. एक उंच, डावखुरा, स्वतः रांधणारा माणूस, आणि अगदी बारीक वस्तूंशी खेळणारा.

मग मला घड्याळ आठवलं. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा तुझ्या मनगटावर आमच्या मुलाचं घड्याळ होतं, आपल्याकडे फळीवर बंद पडून राहिलेलं, आणि ते चालू होतं. मी कानाला लावून बघितलं होतं. तू म्हणालीस की तिकडे एकजण दुरुस्त करतो, आणि त्याने काचेवरचा ओरखडा घालवण्याआधी विचारलं की हा राहू द्यायचाय का. तेवढंच सांगून तू चहा ठेवायला उठलीस. तो ओरखडा आमच्या मुलाने नळ दुरुस्त करताना पाडला होता, तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की विचारणारा माणूस चांगला असला पाहिजे. पण तू विषय बदललास आणि मी बदलू दिला.

खोटं कशाला बोलू, तो लेयर बघून मला तिथे बसवेना. दोन उशा होत्या गं त्यात. मी पडदा तसाच ठेवून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. डॉक्टर माझ्यासाठी पाणी घेऊन आले, शेजारी बसले आणि त्यांनी सांगितलं की तलावाला जिना दिला. मला रडता रडता हसू आलं. आणि ते हसू आलं तसं माझ्या लख्ख ध्यानात आलं, की तू हा संसार कुठे मांडून बघितलास? तुझ्या शहरात हव्या तेवढ्या जागा असतील. एखादी छानशी जागा बघून तिथे मांडता आला असता. तू तो माझ्या डोक्यावर मांडून बघितलास! माझ्या जिन्याला जिना जोडून, माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर स्वयंपाकघर घेऊन, म्हणजे खालून हाक मारली तर ऐकू यावी. मग लेयर बंद केलास, त्याला नको नाव दिलंस आणि मला फोन करून म्हणालीस, भाडेकरू ठेवा. अगं वेडे, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तेव्हापासून मी हवेत आहे. गुडघे दुखतात हेही विसरले. रोज ग्रंथालय उघडायच्या आधी दारात उभी असते. तुझा तो लेयर मी बाजूला घेतला आणि त्याच्याभोवती खराखुरा मजला बांधला. त्याच्या टेबलापाशी आणखी एक दिवा दिला, उजवीकडून झुकणारा. तुझ्या खिडकीची खालची कड जरा खाली घेतली, बसल्याजागी तुला रस्ता दिसावा म्हणून. जिन्याच्या मधल्या वळणावर एक बाक ठेवला, तो माझा, कारण वर यायला मला एक थांबा लागेल. खालची आमच्या मुलाची खोली आहे तिथेच आहे, ती हलणार नाही, पण शिलाईचं मशीन मी आता तिथे नेलंय. मशीन चाललं की खोली बरी वाटते. एकाही मापाला माया सोडलेली नाही, दोनदा तपासलं. आणि हे सगळं उलट्या वाटेने, माझ्याकडून तुझ्या कॅडकडे, जसंच्या तसं जाईल का, याच धाकधुकीत होते. ते आज गेलं! म्हणून तर उठून टाळ्या वाजवल्या. ठिपका झाला नाही, त्रिकोण झाले नाहीत, कुठे लोंबलं नाही. ओटा अडतीस इंच, तोही ओटा म्हणूनच पोचला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फोनवर विचारलं असतं तर तुला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझं मन राखायला तू नाही म्हणाली असतीस. मी तुला ओळखते, माझ्यासाठी तू स्वतःवर काट मारायला एका पायावर तयार असतेस. ती संधी मी तुला देत नाही. पत्र वाच, दोन दिवस जवळ ठेव, हवं तर त्याला वाचून दाखव. फाईल पाठवली आहे. तीत सगळं माझ्या हातचं आहे, एक गोष्ट सोडून. लेयरचं नाव मी बदललेलं नाही. ते नाव तू दिलंस, तूच बदलायचंस. बदलून आलं तर सोमवारी हा नकाशा कंत्राटदाराला देईन. नाही आलं तर भाडेकरूंचा देईन आणि तुझ्यावरची माझी माया तसूभर कमी होणार नाही. पण मला वाटतं तू बदलशील. तुला सून करून घेतली तेव्हा दाराची चौकट झुकलेली होती, ती यंदा सरळ करून घेतेय, कारण तुझी पाठवणी त्याच दारातून करायची माझी इच्छा आहे, आणि लगेच बाहेरच्या जिन्याने तुला वर घेऊन जायची. मात्र त्याआधी त्याला एकदा घेऊन ये. नकाशावरून मी उंची धरली, हात धरला, सगळं धरलं, पण घरच्या माणसासाठी कागदावरच्या मापावर मी आजवर कात्री चालवलेली नाही. माप अंगावरच घ्यायचं असतं. टेप काढून ठेवते.

तुझीच,
आई

ता. क. अडतीस इंचांच्या ओट्यापाशी मला हात पोचायचा नाही. काही हरकत नाही. पायाखाली घ्यायला स्टूल आहे घरात, ते वर नेऊन ठेवू.